कोणी रागावलं का?

मामांनी विकलेला बैल चौथ्या दिवशी परत आला. घेणारा आमच्या वरवटचाच कास्तकार. कासरा ओढून ओढून तोंडाला फेस आलेला, आणि तो बैलाच्या नाही, ह्याच्या.

"मामा, बैल बहिरा दिला तुमी मले."

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो. थांब म्हटलं तं चालते, चाल म्हटलं तं उभा राह्यते. शिव्या देल्ल्या तं असा पाह्यते जसा मी येडा हावो."

मामा कांद्याला पाणी देत होते. फावडं बांधावर टेकवलं, बैलाच्या कानाजवळ गेले आणि डोंगरातल्या बोलीत दोन शब्द बोलले. बैल जागच्या जागी वळला आणि विहिरीच्या धावेवर जाऊन मोटेसाठी मान खाली घालून उभा राहिला.

"बहिरा नाही," मामा म्हणाले. "याले तुमची भाषा येत नाही. महिनाभर शिकवा त्याले. नाही तं तुमी त्याची शिका, थे सोपं हाय."

आतून मामी ओरडल्या, "आता बैलाले मराठी शिकवाले मास्तर ठेवा, मास्तर!"

सौदा मोडला. बैल मामांकडेच मेला, आणि मरेपर्यंत त्यानं मराठीचा एक शब्द ऐकून घेतला नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत, साऱ्या गावाचे मामा. विहिरीवर दोन एकरांचा मळा, त्यात कांदा, लसूण, मिरची. दर आठवड्याला माल घेऊन ते सोनाळ्याच्या बाजाराला जात. सातपुड्याच्या पायथ्याचा तो बाजार, आणि डोंगरातले कोरकू लोक मीठ-मिरचीसाठी तिथंच उतरायचे. बाजारातल्या दुकानदारांना कोरकू यायची म्हणजे आकडे यायचे आणि दोन शिव्या. बाकी सगळं ते मराठीतच बोलायचे, फक्त दुप्पट मोठ्यानं. समोरच्याला समजलं नाही की अजून मोठ्यानं. मामांनी मात्र ती बोली अशी उचलली की पाठमोरा माणूस ओळखू शकायचा नाही, कोण बोलतंय ते. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. मी निदान दुसरी पास. तिसरीत मास्तराशी वाजलं म्हणून घरी बसलो, पण अक्षर चांगलं आहे, तेव्हा हे मी माझ्या हातानं लिहितो आहे.

बाजारात बसले की मामा कोरकूशिवाय दुसरं काही बोलायचेच नाहीत. कुणाशीही. एकदा नांदुऱ्याचा अडत्या मिरची पाहायला आला. टोपी, छत्री, सगळा थाट. त्यानं भाव विचारला, मामांनी कोरकूत सांगितला. त्यानं पुन्हा विचारला, मामांनी पुन्हा सांगितला, न चिडता. अडत्या घामाघूम.

"मामी, हे काय म्हणून राह्यले?"

"म्हनून राह्यले का छत्री बाजूले घ्या, मिरचीवर सावली पडते."

"तुम्हालेही येते का ही भाषा?"

"मी नाही शिकली," मामी म्हणाल्या. "माह्या कानात घुसली. तीस वर्षं या मानसाच्या बाजूले बसली तं घुसनार नाही काय?"

का शिकलात म्हणून विचारलं तर मामा दर माणसाला निराळं कारण सांगायचे. पाटलाला म्हणाले, कांद्यासाठी. कीर्तनकाराला म्हणाले, मागच्या जन्मीचं राहिलं होतं. मामींना म्हणाले, तुझ्यापासून लपवून बोलायला. ते काही साधलं नाही हे वर आलंच. जंगलाचा नाकेदार एकदा मिशीला पीळ देऊन म्हणाला, "मामा, आम्हालेही येते कोरकू, आमचं अडत नाही." त्याची कोरकू म्हणजे ये, जा, आण, उचल. मामांनी त्याला विचारलं, "बैल हाकलता येते म्हनून बैलाची भाषा आली म्हनता काय?"

आम्ही सगळे हसायचो मामांना. मी सगळ्यात जास्त. आता माझ्या हसण्याचं काय झालं ते सांगतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. साहेब नागपूरकडून यायचे, कागद नागपूरला जायचे. मी एकवीस-बावीसचा असेन, नवं लग्न झालेलं. आमचा एक बैल, पांढरा, कपाळावर चांद, पुठ्ठ्यावर आमच्या घरचा डाग दिलेला, माळावरून सुटला आणि दिसेनासा झाला. आठ दिवस धुंडाळला. मग नाकेदारानं खबर आणली की डोंगरातल्या एका ढाण्यावर, म्हणजे कोरकूंच्या वस्तीवर, सुखा नावाच्या माणसाच्या दारात तसला बैल बांधलेला आहे. मी जमादाराला घेऊन गेलो. बैल आमचाच. मला पाहून हंबरला. त्याच्या पुढच्या खुराला पाला वाटून बांधला होता, खाली गवताचं अंथरूण होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि जमादाराला म्हणालो, "चोरताना पाय मोडला यानं." डोळे असून नसल्यासारखे, हे मी माझ्याबद्दलच लिहितो आहे.

सुखाला खाली आणला. तालुक्याच्या कचेरीत उभा केला. लंगोटी, खांद्यावर फडकं, नजर जमिनीत. समोर उंचावर नायब तहसीलदार साहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कोरकू येत नव्हती, म्हणून नाकेदार दुभाषा.

"बैल तुझ्या घरी बांधला होता?" साहेबांनी विचारलं.

नाकेदारानं तेच ओरडून विचारलं, निम्म्याहून जास्त मराठीत.

"हो," सुखा म्हणाला.

"तूच बांधला?"

"हो."

"बैल तुझा नाही हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"चोरला?"

"हो."

कारकुनाची लेखणी कुरकुरली. आमचे बा बाकावर ताठ झाले. माझी छाती फुगली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, याले आनखी दोन गोष्टी विचारू द्या."

दारात मामा. सुखाला धरून नेल्याचं त्यांना बाजारात कळलं होतं आणि ते कांद्याचं पोतं तिथंच टाकून आले होते.

"तुम्ही कोण?"

"मी कांदेवाला."

साहेब हसले. "काय विचारायचं आहे?"

"मी नाही. नाकेदारसाहेबच विचारतीन. म्हना, या कचेरीचा साहेब तूच हायेस का?"

नाकेदार घुटमळला. साहेब म्हणाले, "विचार."

"हो," सुखा म्हणाला.

"आता म्हना, नागपूर तुह्या बापानं वसवलं काय?"

"हो."

सगळी कचेरी खदखदून हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला हातानं थांबवलं.

"साहेब," मामा म्हणाले, "आपल्या भाषेतला एवढाच शब्द आमी त्याले शिकवला. बाजारात आमी, जंगलात नाकेदारांनी. उंचावरच्या मानसानं तोंड उघडलं का हो म्हनाचं आन मार चुकवाचा. चोरीचं तं त्याले अजून कोनी विचारलंच नाही."

"मग तुम्ही विचारा."

मामांनी लगेच विचारलं नाही. धोतर सावरून ते सुखाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यालाही खाली बसवलं. शिपायाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला. मग दोघं हळूहळू बोलायला लागले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"काय विचारता आहात?"

"जेवला का, म्हनून."

थोड्या वेळानं पुन्हा. "आणि आता?"

"मोह कसा आला औंदा, म्हनून."

"अहो, बैलाचं विचारा!"

"येते साहेब बैल, येते. दारातून आत आल्याबिगर चुलीपाशी कसं बसता येईन?"

आणि मग सुखा बोलला. खाली पाहणारा तो माणूस मान वर करून, हात हलवून असा बोलला की नाकेदार तोंड उघडं टाकून पाहत राहिला. मामांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सगळं संपल्यावर साहेबांकडे वळले.

"म्हनते का बैल बांबूच्या बनात सापडला. खुरात बांबूचा खुंट घुसला होता, उभा राहे ना. यानं खुंट काढला, पाला बांधला, घरी नेला. बैल खालच्या मुलखातला हे डागावरून समजलं. म्हनून हा खाली वरवटले आला. दारात लिंबाचं झाड हाय अशा घरी गेला. कारन त्या घराच्या दुसऱ्या बैलाच्या पुठ्ठ्यावर तोच डाग दिसला."

मामा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

"त्या घरी एक तरना मानूस होता. हा त्याले सांगत राह्यला, डोंगराकडे हात दाखवत राह्यला. त्यानं याले अर्धी भाकर देल्ली, वर कांदा देल्ला, आन जाय म्हनला. हा भाकर घेऊन गेला."

लिंबाचं झाड आमच्याच दारात होतं. अर्धी भाकर मीच दिली होती. वरून माझ्या बायकोला म्हणालोही होतो, "बोंबलून राह्यला भाकरीसाठी, देऊन टाक." हे मला तिथं, त्या क्षणी आठवलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. बायको घरात होती आणि तिला कोणी कचेरीत विचारणार नव्हतं.

"हे खरं आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

बांनी माझ्या कोपराला हळूच ढोसलं. नाही म्हटलं असतं तर सुखा तुरुंगात गेला असता. हो म्हटलं तर मी साऱ्या पंचक्रोशीत गाढव ठरणार. मी हट्टी माणूस आहे, हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मी स्वतःशीच हट्ट केला.

"हो," मी म्हणालो.

कचेरीतला त्या दिवशीचा शेवटचा हो माझा होता. पण मी प्रश्न समजून म्हटला होता.

सुखा सुटला. बांनी पंधरा दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. सोळाव्या दिवशी काढला तो असा: "चूप बसता नसतं आलं काय बे?"

लाज वाटली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. माझ्याच दारात उभा राहून एक माणूस माझ्याच बैलाची खबर सांगतो आणि मी त्याला भाकर देऊन हाकलतो! मामांच्या बैलाला जी भाषा येते ती मला येत नाही, म्हणजे मी बैलाहून बैल? मी तडक मळ्यात गेलो.

"मामा, मले कोरकू शिकवा."

"नाही शिकवत."

"काऊन?"

"मले शिकवता येत नाही. मले बोलता येते."

मी बांधावर बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. तिसऱ्या दिवशी मामांनी फावडं दिलं, मी कांद्याला पाणी दिलं. असे वीस दिवस. कोरकूचा एक शब्द नाही. मग मी आपल्याच अकलेनं बाजारात फिरून, विचारून विचारून, शब्द गोळा केले आणि कागदावर लिहून काढले. पाण्याला डा, कुत्र्याला सीता, असे दोनशे. दुसरी पास असल्याचा काही तरी उपयोग व्हावा की नाही? कागद मामांपुढे धरला.

"हे काय बे? किराना आनाचा हाय काय?"

"शब्द हायेत मामा. दोनशे. पाठ केले."

मामांनी कागद घेतला, उलटा धरून पाहिला, त्याची होडी केली आणि पाण्याच्या दांडात सोडून दिली. दोनशे शब्द लसणाच्या वाफ्यात जाऊन चिखलात बसले.

मी भडकलो. काय बोललो ते लिहीत नाही. महिनाभर मळ्याकडे फिरकलो नाही. पण महिनाभरानं पुन्हा जाऊन बसलो, कारण कागद बुडवला म्हणून मी हार मानली असं मामांना वाटणं मला परवडणारं नव्हतं. मला पाहून मामा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः तंबाखू मळून दिली.

"आईक," ते म्हणाले. "मानूस कुत्र्याशी बोलते, लेकराशी बोलते आन बिमार मानसाशी बोलते. हे तिन्ही समजलं का अर्धी भाषा आली. आन हे बाजारात समजत नाही, घरात समजते. तू सुखाच्या घरी जाय."

"सुखाच्या?"

"ज्याले चोर म्हटलं त्याच्याच घरी. पाह्यलं वर्ष तोंड उघडाचं नाही. सांगतीन थे काम कराचं."

"आन भाषा आली हे समजाचं कसं?"

"कोनी रागावलं का मले येऊन सांग."

मला वाटलं, चेष्टा आहे. मामा चेष्टा करताना वर पाहायचे, आता ते खाली कांद्याकडे पाहत होते.

ज्वारी निघाली की मी डोंगरात जाऊ लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सुखाच्या अंगणात मी चोरासारखा उभा. त्यानं मला ओळखलं, आत गेला, आणि भाकर घेऊन आला. अर्धी नव्हे, अख्खी. वर कांदा. मग माझ्याकडे पाहून तो इतका हसला की त्याच्या म्हाताऱ्या आईनं बाहेर येऊन विचारलं. त्यानं तिला सांगितलं असणार. तीही हसली. मला एक शब्द कळला नाही, पण कशाला हसतात ते सगळं कळलं.

मी बांबू चिरला, कुडाला शेण-माती लिंपली, मोह वेचला. तोंड बंद. म्हातारी आपल्या कुत्र्याशी दिवसभर बोलायची, मी ऐकायचो. सुखाची धाकटी पोर आजारी पडली तेव्हा तिच्या उशाशी म्हातारी काय पुटपुटायची ते ऐकायचो. सगळे माझ्याशी फार चांगले वागायचे, तीच अडचण. खाट मला, पहिली वाढ मला. माझ्या हातून मडकं फुटलं तरी म्हातारी नुसती हसायची, पाहुण्याला हसतात तशी.

खाली उतरलो की मळ्यात जायचो. मामा न पाहताच विचारायचे:

"कोनी रागावलं का?"

"नाही."

"मंग जाय."

एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. बायको म्हणायची, "डोंगरात दुसरं घर केलं काय तुमी?" गावानं मला मामांचा बैल असं नाव ठेवलं. मी बोलू लागलो होतो. पाणी मागायचो, वाट विचारायचो. पण प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत बांधायचो आणि मग उलटवायचो. पटका आधी आरशात बांधून मग बाहेर पडावं तसं. लोक ऐकून घ्यायचे आणि कौतुक करायचे. कौतुक ऐकून मला शरम यायची. कुत्र्याचं कोणी कौतुक करत नव्हतं, त्याला धपाटे मिळायचे. मी कुत्र्याचा हेवा केला आहे, खोटं लिहीत नाही.

तिसऱ्या सालची गोष्ट. मोहाची फुलं अंगणात वाळत घातली होती. शेळ्यांच्या गोठ्याचं दार मी सकाळी उघडलं आणि लावायचं विसरलो. दुपारी पाहतो तर अकरा शेळ्या मोहावर. चार दिवसांची वेचणी, म्हातारीनं कंबर मोडून केलेली.

म्हातारी बाहेर आली. पाहिलं. आणि खराटा घेऊन माझ्यावर आली.

ती जे बोलली ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. माझे डोळे कुठं असतात, माझ्या आईनं मला काय खाऊन जन्माला घातलं, शेळीला माझ्यापेक्षा अक्कल आहे कारण ती मोह खाते आणि मी नुसता पाहतो. एक खराटा पाठीवर बसला. आणि मी ओरडून म्हणालो, "मी लावलं होतं! तुझ्या नातीनं उघडलं!"

ते खोटं होतं. नात तर ओढ्यावर गेली होती. म्हातारीनं तेही बोलून दाखवलं आणि दुसरा खराटा दिला. पण मी थबकलो तो मारानं नाही. मी खोटं बोललो होतो, आणि कोरकूत बोललो होतो. मनात आधी काही बांधलंच नव्हतं.

सुखा कुडाला टेकून पोट धरून हसत होता. मी शेळ्या हाकलल्या, उरलेला मोह गोळा केला, म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं डोकं ढकलून दिलं, अजून राग गेला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नऊ कोस उतरलो. वाटेत कुठं बसलो नाही. ऊन डोक्यावर, पाठीवर खराट्याचे वळ, आणि मी पोरीच्या लग्नाचं बोलावणं द्यायला निघाल्यासारखा चाललेला.

मामा तिथंच होते, कांद्याच्या वाफ्यात, पाठमोरे. त्यांनी वळून पाहिलं नाही. नेहमीसारखंच विचारलं, कोणी रागावलं का म्हणून.

मी सांगायला लागलो. म्हातारी काय म्हणाली, खराटा कसा बसला, मी खोटं कसं बोललो, सगळं, एका दमात, त्यांच्या पाठीला. मामा पाण्याचं दार वळवत ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, किती शेळ्या? मी सांगितलं, अकरा. त्यांनी विचारलं, आणि म्हातारीची कंबर कशी आहे आता? मी सांगितलं.

मग झोपडीच्या दारातून मामी म्हणाल्या, "आता दोघं झाले! मले इथं मराठी बोलाले कोनी उरलं काय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आज मामांनी पहिल्या प्रश्नापासून मला कोरकूत विचारलं होतं. आणि मी अजून त्यांना कोरकूतच उत्तर देत होतो.